जर्मनीला बिऱ्हाड हलवताना

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी जर्मनीला जाणाऱ्या माणसाची वाट आता बरीच मळलेली आहे. करारपत्र आलं की कंपनी सांगेल ते कागद जोडायचे, व्हिसा घ्यायचा आणि निघायचं. त्याच्यासोबत किंवा मागून येणाऱ्या बायकोची, नवऱ्याची, मुलांची आणि इथेच राहणाऱ्या आईवडिलांची तयारी मात्र कुणी आखून देत नाही. माझ्या पाहण्यातली जी घरं दोन-तीन वर्षांत परतली, त्यांतल्या बहुतेकांची नोकरी उत्तम चालली होती. सोबत आलेल्या माणसाला तिथे स्वतःचं काही उभं करता आलं नव्हतं, हे परतण्याचं खरं कारण. म्हणून हातात नोकरी आहे आणि अख्खं घर हलवायचं आहे, अशा कुटुंबासाठी हा क्रम लिहिला आहे. विद्यार्थ्यांचं गणित वेगळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

सहा महिने आधी: नावं जुळवा

पहिलं काम व्हिसाचं नाही, नावांचं आहे. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी आणि विवाह प्रमाणपत्र टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी पद्धत. पासपोर्टवर मधलं नाव कधी पहिल्या नावाला जोडलेलं असतं, कधी गायब असतं. जर्मन अधिकाऱ्याला ही पद्धत ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने पासपोर्टवरचं नाव तेच नाव, आणि दुसऱ्या कागदावर वेगळं दिसलं तर तो वेगळा माणूस.

यात सगळ्यात जास्त अडकतात त्या लग्नानंतर नाव बदललेल्या बायका. आडनाव बदललेलं असतं, मधलं नाव बदललेलं असतं, आणि काही घरांत अजूनही तांदळाच्या ताटात लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. मग पदवी एका नावाची, आधार दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. राजपत्रात नावबदलाची नोंद करून घेतलेली असेल तर तो कागद सोबत लागतोच. नसेल तर आत्ता करा, आणि त्यानंतर एकच नाव ठरवून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवत जा. नुकतंच लग्न ठरलं असेल आणि परदेशी जायचा विचार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की मुलीने पासपोर्टवरचं नाव बदलूच नये. त्याने कुणाचं काही अडत नाही आणि पुढचा मोठा त्रास वाचतो.

विवाह प्रमाणपत्र म्हणजे महापालिकेने, नगरपालिकेने किंवा गावात ग्रामपंचायतीने दिलेला नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. कित्येक जोडप्यांनी दहा-दहा वर्षं नोंदणी केलेली नसते. साक्षीदार, भटजींची सही, जुने फोटो हे सगळं गोळा करावं लागतं, म्हणून हे काम आधी हाती घ्या. जर्मनीत हा एक कागद नसला तर बायको-मुलांचा व्हिसा, नवऱ्याचा करवर्ग (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट) आणि सगळ्यांचा आरोग्यविमा असं तिन्ही ठिकाणी अडतं.

जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे का तेही बघा. नोंद जन्मानंतर लगेच होते, बारसं नंतर होतं, आणि नाव घालायला परत कुणी जात नाही. मोठ्या माणसांच्या दाखल्यावर तर हे फारच दिसतं. मराठीतल्या दाखल्यांचं अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर लागेल. ते करून घेताना नावाचं रोमन लिपीतलं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवायला बजावून सांगा.

पदवी, आनाबिन आणि ब्लू कार्ड

पदवी घेतलेल्या नोकरदाराला बहुतेकदा ईयू ब्लू कार्ड हाच सोयीचा परवाना. त्याला पगाराची किमान अट असते आणि ती दर वर्षी बदलते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती. ज्या पेशांत माणसं कमी आहेत त्यांना, म्हणजे आयटी, अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरेंना, आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ४३,७५९ युरो ८० सेंट. करारातला आकडा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या अटीशी ताडून बघा, कारण डिसेंबरातला करार जानेवारीत थोडक्यात कमी पडू शकतो.

पदवी तिथे मान्य आहे की नाही हे आनाबिन नावाच्या जर्मन सरकारी संकेतस्थळावर दिसतं. तिथे तुमच्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ अशी खूण हवी आणि पदवीचा प्रकारही नोंदलेला हवा. दोन्ही पानं छापून अर्जाला जोडायची. शोधताना विद्यापीठाचं जुनं नावही टाकून पाहा. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ मध्ये मिळालं, त्याआधीच्या पदवीवर जुनंच नाव असणार. आनाबिनमध्ये पदवी सापडली नाही तर जर्मनीतल्या झेडएबी या कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवावं लागतं. त्याचं शुल्क २०८ युरो आहे आणि त्यात वेळ जातो.

२०२५ पासून जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज आधी ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो. तो तपासला गेला की मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जायचं. शुल्क मोठ्यांना ७५ युरो. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडेच फेरविचार मागायची जुनी सोय जुलै २०२५ पासून बंद झाली. आता एक तर नवा अर्ज करा, नाही तर बर्लिनच्या न्यायालयात जा. म्हणून अर्धवट कागदांनिशी ‘बघू या, मागितलं तर देऊ’ असं करायला जाऊ नका.

सगळ्या कुटुंबाचे अर्ज शक्यतो एकत्रच करा, पण विमान वेगवेगळ्या वेळी पकडा. नोकरी असलेल्याने आधी जावं, घर शोधावं, आणि दोन-तीन महिन्यांनी बाकीच्यांना बोलवावं. एका खोलीच्या तात्पुरत्या भाड्याच्या जागेत लहान मुलांसह घर शोधणं फार हाल करतं. पोचण्याचा महिना निवडता येत असेल तर कुटुंबासाठी एप्रिल ते जुलै निवडा. डिसेंबरात तिथे दुपारी चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. ज्याला ऑफिस आहे त्याला ते सोसतं. जो दिवसभर अनोळखी घरात एकटा बसणार आहे त्याची सुरुवात अंधाराने होऊ देऊ नका.

पगाराचा हिशोब

करारात लिहिलेला पगार ‘ब्रुटो’ असतो, हातात येतो तो ‘नेटो’. कर, निवृत्तिवेतन, बेकारी विमा, आरोग्यविमा आणि सेवाशुश्रूषा विमा हे सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात ढोबळमानाने साठ ते पासष्ट टक्के उरतात. लग्न झालेल्याला, आणि जोडीदार जर्मनीत राहायला आल्यावर, करवर्ग बदलून घेता येतो. एकच जण कमावत असेल तर तीन आणि पाच या वर्गांच्या जोडीने दर महिन्याची कपात बरीच कमी होते. हा बदल आपोआप होईल असं समजू नका. विवाह प्रमाणपत्र नोंदलं गेलं नाही तर तुम्ही कागदोपत्री पहिल्या वर्गातच, म्हणजे अविवाहितांत, राहता.

युरोला रुपयाच्या भावाने गुणून पगार मोठा वाटून घेऊ नका. भाडं, विमा, प्रवास आणि मुलांचा खर्च त्याच युरोत होणार आहे. सगळ्यात मोठा घास भाड्याचा असतो, आणि म्युनिकमध्ये तो सगळ्यात मोठा. तोच पगार लायप्झिगला मिळाला तर संसार किती तरी सुखाने होतो. दोन ठिकाणच्या नोकऱ्यांतून निवडायची वेळ आली तर शहराचं भाडं आधी बघा.

सोबत येणाऱ्याची तयारी

या भागावर मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे.

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला दोन मोठ्या सवलती आहेत. व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि पोचल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची पूर्ण मुभा असते. यातली पहिली सवलत लोकांचं नुकसान करते. परीक्षा सक्तीची नाही म्हणून भाषा शिकणं राहून जातं, आणि मग हातातली दुसरी सवलत वापरताच येत नाही. आयटीतली इंग्रजीवर चालणारी नोकरी सोडली तर हिशेबनीस, शिक्षिका, परिचारिका, दुकानातली विक्रेती, कार्यालयातली मदतनीस, कुठेही जर्मन लागतेच.

निघण्याआधी सहा-आठ महिने हाताशी असतील तर जोडीदाराने ते भाषेत घालवावेत. नोकरी असलेला माणूस पुढे-मागे शिकेल. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत काळा घोड्याजवळचं मॅक्स म्युलर भवन, अशी भरवशाची ठिकाणं आहेत. भाषेच्या पातळ्यांत ए१ ही सगळ्यात खालची, म्हणजे नाव-गाव-दुकान. ए२ पर्यंत दवाखान्यात आणि शाळेत निभावतं. बी१ झालं की माणूस स्वतःच्या बळावर फोन उचलतो. पुण्यात मराठीतून शंका विचारत बी१ पर्यंत जाणं जितकं स्वस्त आणि सोपं आहे तितकं तिथे थंडीत, लहान मूल कडेवर घेऊन नाही. नोकरदारालाही भाषेचा थेट फायदा आहे: ब्लू कार्डवर कायमचा निवासपरवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो.

पेशाचा विचारही इथूनच करा. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, शाळाशिक्षक, वकील हे तिथे नियमन असलेले पेशे आहेत. त्यांत पदवीची अधिकृत मान्यता मिळाल्याशिवाय कामच करता येत नाही आणि भाषाही वरच्या पातळीची लागते. संगणक, विपणन, रचना, लेखा अशा कामांना तशी सक्ती नाही, मालकाला पटलं की झालं. मान्यतेच्या अर्जाला गुणपत्रिकांबरोबर विषयवार तासांचा तपशील आणि अभ्यासक्रमाची प्रत मागतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर स्वतः उभं राहून हे कागद मिळवायला जितकी दगदग होते, त्याच्या कित्येक पट ती जर्मनीतून फोन करून होते. शिक्का मारलेल्या प्रती घेऊनच निघा. अनुभवाची पत्रंही सगळ्या जुन्या मालकांकडून आत्ताच घ्या, त्यांत कामाचं वर्णन सविस्तर लिहून घ्या.

आणि नवरा-बायकोने एकदा शांतपणे बसून बोलायला हवं. पहिलं वर्ष जोडीदाराचं उत्पन्न शून्य धरून खर्च भागतो का? भाषेच्या वर्गाला जायचं असेल तेव्हा मुलांकडे कोण बघणार? दोन वर्षांनी पटलं नाही तर परत यायचं की नाही, आणि ते ठरवणार कोण? इथे हे प्रश्न अवघड वाटतात. तिथे गेल्यावर विचारले तर भांडण होतं.

मुलं

शाळा सहाव्या वर्षापासून सक्तीची, सरकारी शाळा विनाशुल्क. घरी बसून शिकवायची परवानगी नाही. त्याआधीच्या बालवाडीला ‘कीटा’ म्हणतात. पहिल्या वाढदिवसानंतर जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा कमी आणि रांग मोठी. शहर नक्की झालं की त्याच दिवशी ऑनलाइन नाव घाला, पत्ता मिळेपर्यंत थांबू नका.

लसीकरणाचं पुस्तक जिवापाड जपा. मार्च २०२० पासून गोवर प्रतिबंधक लसीचा पुरावा असल्याशिवाय कीटा मूल घेत नाही, आणि शाळाही तो मागते. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक आणि दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोस झालेले हवेत. आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, त्यामुळे तारखांबद्दल प्रश्न निघू शकतो. बालरोगतज्ज्ञांकडून सगळ्या डोसांची तारीखवार इंग्रजी नोंद सही-शिक्क्यासह लिहून घ्या.

मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर जास्त विचार करा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागणी होते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीनंतर होते. चौथीत असताना भाषा न येता पोचलेल्या हुशार मुलाची निवड त्याच्या भाषेवरून होण्याचा धोका असतो. वाट पुढेही बदलता येते, पण त्यासाठी पालकांना शाळेशी जर्मनमध्ये बोलावं लागतं. पहिली-दुसरीच्या वयात गेलेली मुलं वर्षभरात बोलू लागतात. मुलांसाठी सरकार दरमहा ‘किंडरगेल्ड’ देतं. २०२५ मध्ये तो दर मुलामागे २५५ युरो होता. त्याचा अर्ज स्वतः करायचा असतो, आणि मागचं सहाच महिन्यांचं मिळतं, म्हणून ढकलत बसू नका.

इथलं आवरून जाणं

पहिलं म्हणजे फोन नंबर. बँक, आधार, आयकर, भविष्यनिर्वाह निधी, सगळ्यांचे ओटीपी त्या एका सिमवर येतात. ते सिम बंद पडू देऊ नका, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून किमान रिचार्ज चालू ठेवा, आणि तिथे पोचल्यावर ओटीपी येतो का ते पहिल्याच आठवड्यात तपासा.

बँक खातं: नोकरीसाठी परदेशी गेलं की परकीय चलनाच्या फेमा कायद्यानुसार तुम्ही अनिवासी ठरता आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खातं उघडा, ते पैसे विनाअडथळा परत नेता येतात. पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पण मुदतवाढ मिळत नाही आणि नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅटला नवी स्थिती कळवा.

इथला फ्लॅट भाड्याने देणार असाल तर करार नोंदवूनच द्या, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो. हे भाडेकरूला आधीच सांगा, नाही तर वर्षाअखेरीस दोघांनाही नोटिसा येतात. गावाकडे शेती असेल तर वडिलोपार्जित जमीन तुमच्या नावावर राहू शकते, मात्र अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद, फेरफार राहिलेले असतील तर तलाठ्याकडे जाऊन आत्ताच उरका.

मुखत्यारपत्र हा या सगळ्याचा कणा. भाऊ, बहीण, जो भरवशाचा असेल त्याच्या नावे, नेमक्या कामांपुरतं मुखत्यारपत्र करून नोंदवून ठेवा. सर्वाधिकार देणारं पत्र लिहू नका, बँक, सोसायटी, भाडं, कर अशी कामं मोजून लिहा. तिथे गेल्यावर करायचं झालं तर भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन, मग ते टपालाने पाठवणं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरणं, असा मोठा फेरा पडतो.

दात, चष्मे आणि राहिलेल्या तपासण्या इथेच उरकून घ्या. तिथला सरकारी विमा मोठ्या माणसांच्या चष्म्याचा खर्च सहसा देत नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती न्या, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी हवी.

बॅगेत काय भरायचं

युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, श्रीखंड, खवा घातलेलं काहीही घरीच ठेवा. ताज्या भाज्या-फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी बाद. ज्या पाच फळांना सूट आहे त्यांत नारळ आहे, केळं आहे, अननस आहे. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी, पोहे यांना अडचण येत नाही, फक्त पाकिटावर नाव इंग्रजीत लिहा. तूप तिथे घरी कढवता येतं, लोणी उत्तम मिळतं.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असल्यामुळे मिक्सर चालतो, फक्त खोबणीत बसणारा पिनबदल घ्या. बऱ्याच घरांत काचेची विजेची शेगडी किंवा इंडक्शन असतं, तेव्हा कुकर आणि तवा इंडक्शनवर चालणाराच न्या. थंडीचे जाड कोट इथून विकत घेऊ नका, तिथल्या थंडीला ते पुरत नाहीत. मूळ कागद सगळे हातातल्या बॅगेत. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोकड असेल तर विमानतळावर जाहीर करावी लागते, तशी वेळ येऊच देऊ नका.

घर, पत्ता आणि पहिला महिना

जर्मनीतल्या सगळ्या कामांची किल्ली म्हणजे पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते, आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेलं ठरावीक पत्र लागतं. या नोंदणीनंतर टपालाने कर ओळखक्रमांक येतो, त्यावर पगाराची कपात योग्य होते. बऱ्याच बँकाही खातं उघडताना हीच नोंदणी मागतात, आणि निवासपरवाना तर तिच्याशिवाय होतच नाही. म्हणून तात्पुरती जागा घेताना पहिला प्रश्न एकच: या पत्त्यावर नोंदणी करू द्याल का? नाही म्हणाले तर ती जागा कितीही स्वस्त असो, सोडा.

टपालपेटीवर आणि घंटेवर आपलं आडनाव लगेच चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तिथला कारभार अजूनही पत्रांवर चालतो. कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, सगळं त्या पेटीतूनच यायचं असतं.

कायमचं घर शोधताना जाहिरातीतलं ‘तीन त्सिमर’ म्हणजे आपलं टू बीएचके, कारण हॉलही खोल्यांत मोजतात. ‘काल्टमीटे’ हे नुसतं भाडं, ‘वार्ममीटे’ म्हणजे तापवणी आणि देखभालीसह. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. अक्षरशः नळाची तोटी आणि भिंत, ओटाही नाही. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ लिहिलं असेल तर स्वयंपाकघर आहे असं समजा. घर न बघता, किल्ली हातात न येता पैसे पाठवायला सांगणारा मालक परदेशात अडकल्याची गोष्ट सांगत असेल, तर ती फसवणूक आहे. नव्याने येणाऱ्या भारतीयांना यात फार लुबाडलं जातं.

निवासपरवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ पोचल्याबरोबर मागा. मोठ्या शहरांत ती महिन्यांनी मिळते. व्हिसा संपण्याआधी अर्ज केल्याचा पुरावा जवळ असला तर मधल्या काळाचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं.

सरकारी आरोग्यविमा घेतला की न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय त्यातच येतात. कुटुंबाने खासगी विम्याच्या स्वस्त हप्त्याला भुलू नये, वय वाढलं आणि माणसं वाढली की तो महाग पडतो आणि परत सरकारीत येणं अवघड होतं. नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासविमा इथूनच काढून न्या. ‘हाफ्टफ्लिख्ट’ नावाचा, आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई करणारा विमाही घ्या. तो स्वस्त असतो, आणि मुलाची सायकल शेजाऱ्याच्या गाडीला घासली की त्याची किंमत कळते. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०, रात्री-अपरात्री ताप आला तर डॉक्टरसाठी ११६११७ हे तीन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. घरटी १८ युरो ३६ सेंटचं नभोवाणी शुल्क दरमहा भरावं लागतं, टीव्ही असो वा नसो. ते पत्र आलं की फसवणूक समजून फेकू नका. रविवारी दुकानं बंद, आणि त्या दिवशी भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत. श्टुटगार्टच्या बाजूला तर जिना आळीपाळीने झाडायची पाळीही असते. ती चुकवू नका, शेजाऱ्यांशी ओळख व्हायची ती सोपी संधी आहे.

आईवडील

पासपोर्ट नसेल तर त्यांचा पासपोर्ट तुमच्या आधी काढा. नातवंड झाल्यावर, किंवा कुणी आजारी पडल्यावर, तो काढायला धावावं लागू नये. भेटीला येण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. त्याला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि खर्च तुम्ही उचलणार असाल तर तुमच्या शहराच्या कार्यालयातून हमीपत्र काढावं लागतं. ते काढायलाही वेळ घ्यावी लागते, तेव्हा तिकिटाच्या आधी त्याच्यामागे लागा. मे ते सप्टेंबर हा त्यांच्यासाठी चांगला काळ.

१ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा निवासपरवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आईवडिलांना कायम राहायला आणण्यासाठी अर्ज करता येतो. ही वाट कायद्यात आहे, पण त्यांचा पूर्ण आरोग्यविमा आणि उदरनिर्वाह तुम्ही दाखवावा लागतो, आणि साठी-सत्तरीच्या माणसाला तिथे विमा मिळणं हीच मोठी अडचण. तिच्यावर विसंबून त्यांना ‘वर्षभरात तुम्हालाही नेतो’ असं वचन देऊ नका.

त्यापेक्षा इथली व्यवस्था पक्की करा. त्यांचा आरोग्यविमा चालू आहे ना, कॅशलेस रुग्णालय कुठलं, रात्री दोन वाजता गाडी घेऊन कोण येईल, औषधांच्या चिठ्ठ्या कुठे आहेत, हे एका वहीत मराठीत लिहून शेजाऱ्यांना आणि भावंडांना दाखवून ठेवा. बँकेत त्यांच्या खात्याला दुसरं नाव लावा. व्हिडिओ कॉल त्यांचा त्यांना लावता येईपर्यंत सराव करून घ्या. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघता तेव्हा हिवाळ्यात त्यांचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणून रोजचा फोन तिथल्या सकाळी, मुलं शाळेला निघण्याआधी ठेवा. तेव्हा इथे दुपारची जेवणं व्हायची असतात.